घटांगच्या खाली

लॉजवाल्यानं उरलेली रबडी द्रोणात बांधून दिली.
हँडलला लटकवली तर गळत राहिली गुडघ्यावर.
आता परतवाड्यापर्यंत नुसता उतार,
पायडलला पाय लावायचं कामच नाही,
म्हणाला देवाजी, आणि सुटला.
उघड्या सागांमधून त्याची लाल टोपी
चार वळणं दिसली. मग नाही.

पाच दिवस एकेक वळण विकत घेतलं होतं मी,
दम मोजून.
सेमाडोहच्या अलीकडे तर
सायकल दगडाला टेकवून रडले, खोटं कशाला बोलू.
ते सगळं आता तासाभरात फुकट द्यायचं?

ब्रेक दाबून बोटं आखडली तशी उतरले.
चालू लागले, सायकल बाजूला,
बाजारातून न विकता परत आणलेल्या गोऱ्ह्यासारखी.

मोहाखाली एक बाई फुलं वेचत होती.
"पंचर झाली का वं?"
"नाही."
"मंग?"
मी काहीच बोलले नाही.
ती टोपलीकडे बघत म्हणाली,
"मी असती तं बसली असती."

कॅरियरवरचं बोचकं मी पाठीवर घेतलं.
ती बसली, टोपली मांडीत,
पहिल्या वळणाला माझा सदरा मुठीत धरून
अशी ओरडली की वानरं झाडावर चढली.
दुसऱ्या वळणाला मीही.
ब्रेकचं नाव कुणी काढलं नाही.

नाल्याच्या पुलाशी ती उतरली,
डोईवर टोपली चढवून पायवाटेला लागली,
मागं न बघता.

परतवाड्याला संत्र्यांचे ट्रक,
रसवंतीचे घुंगरू, डोक्यावर ऊन.
देवाजीचा दुसरा चहा संपत आलेला.
"एवढा उशीर? पंक्चर?"
"हो," म्हटलं.
सदऱ्याला मोहाचा वास येत होता.