जोड जागा

गुरुपादनं वही उघडली, बोट फिरवत विचारलं,
"जोड लिहू, का एकच?"
एसटीचं तिकीट फाडावं तसं.

ह्यांनी खिशातनं टेप काढला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केलेला माणूस,
मापाशिवाय पाणी पीत नाही.
सीताफळापासून कंपाउंडापर्यंत ताणला,
दुसरं टोक माझ्या हातात.
"आमच्यात बसवत्यात," म्हणाले, "निजवत न्हाईत.
जागा कमी लागती."
आणि खरंच बसले, तिथंच गवतात,
मांडी घालून, उत्तरेला तोंड करून,
डावा तळवा वर.
डोळे मिटूनच शेजारची माती थापटली:
बस.

सत्तेचाळीस वर्षं मी बसत आले शेजारी.
रजिस्ट्रारच्या बाकड्यावर बसले,
तेव्हा माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून
समोरच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारावी लागली होती.
आज म्हणाले, गुडघा दुखतोय.

गुडघा दुखत नव्हता.

मी वडणग्याची.
होळीच्या आधी महिनाभर आम्ही पोरी भिंतीवर शेणी थापायचो.
पाच घरच्या होळीला,
बाकीच्या गाडीत रचून पंचगंगेच्या मसणात, दान.
आई म्हणायची, नीट थाप गं,
कुणाच्या तरी पाठीखाली जायची हाय.
आप्पा गेले तेव्हा मला कुणी बोलावलं नाही.
मी लांब, वरच्या पायरीवर.
धुरातनं दिसत नव्हतं, तरी बघत राहिले
एखाद्या शेणीवर आहेत का
माझी पाच बोटं.

ती आग माझ्या ओळखीची आहे.
ह्या मातीत माझं कुणीच नाही.
हे आहेत, पण ते अजून वर आहेत.

"मला जाळा," मी म्हणाले.
गुरुपादनं पेनाला टोपण लावलं.

"आणि पावसाळ्यात गेलीस म्हंजे?"
ह्यांनी एकच डोळा उघडला.
"घाट पाण्यात. कसबा बावड्याला न्यावं लागंल."
"बावडा काय परमुलूख हाय?"
"मी हितं एकटा. उत्तरेला बघत."

पलीकडं कुणीतरी कुदळीला नवा दांडा ठोकत होतं.
"ढिला बसतोय त्यो," हे म्हणाले. "पाचर पायजे."
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

"तुमचं एक बोट आधीच पुढं गेलंय," मी म्हणाले.
श्याऐंशी साली, बँडसॉवर.
सीपीआरच्या दारात मी ते रुमालात धरून उभी.
सिस्टरनं नेलं. रुमाल परत दिला.
"पुरलं तर नसंलच त्यांनी."

ह्यांनी डावा तळवा डोळ्यांसमोर धरला,
लिंग ज्याच्यावर ठेवतील तो,
आणि बोटं मोजली,
आजच कुणीतरी नेल्यासारखी.

"गुरुपादा, लिव्ह," म्हणाले.
"एक जागा. आणि एक ओंजळभर."

ओंजळीचा दर वहीत नव्हता.
त्यानं मागची पानं बघितली, त्याच्या बापाच्या अक्षरातली,
नियमांचा पिवळा कागद बघितला,
आणि समासात पेन्सिलनं काहीतरी लिहिलं,
मला चष्म्याशिवाय लागलं नाही.
पावती एकाचीच फाडली.

संध्याकाळी माळ्यावरनं सागवानाचा तुकडा काढला ह्यांनी.
गेल्या गणपतीच्या मखरातला उरलेला.
म्हणाले, ओंजळ धर.
मी भाताचा हात पदराला पुसला, धरली.
टेप लावला: लांबी. रुंदी. परत लांबी.
"तुमची धरा की. मोठी हाय."
"माझी गळती," म्हणाले,
पेन्सिल कानामागं खोचत.
"हलू नगंस.
खोली राहिलीया."