भात्याची शिवण

भाऊबीजेनंतरच्या मंडईला निघालो
आणि बोडीच्या पाळीवर टेम्पो असा उसळला
की पेटीचा भाता एका घडीत वीतभर उसवला.
दाबला की सूर कमी, वाराच जास्त.
सोंगाड्या म्हणाला, फागोजी, आज ढोलकीवर भागवू.
म्हटलं, दुसऱ्या गावी भागवलं असतं.

या गावात एक्केचाळीस घरं,
त्यातल्या सतरा घरांत काळ्या ट्रंका येतात, जातात,
पांढऱ्या रंगानं नाव, नंबर, युनिट लिहिलेल्या.
सुट्टी मिळालेले सहाच जण आले होते.
बाकीच्यांच्या आया, बायका, लेकरं
तणसावर गोणपाट टाकून संध्याकाळपासूनच बसलेली.

हवालदार कापगते उठला, घरी गेला,
ट्रंकेतून बूट शिवायची सुई आणि मेणदोरा घेऊन आला.
टॉर्च दातांत धरून
माझ्या पेटीपुढं मांडी घालून बसला
आणि एकेक टाका असा घातला
जसं उद्या कुणी साहेब तपासायला येणार आहे.
किती द्यायचे, विचारलं
तर दातांतली टॉर्च काढून म्हणाला,
वाजवा जी पैले.

कमिटीनं कागदावर तीन देशाची गाणी दिली होती.
ती वाजवली. टाळ्या पडल्या,
झेंड्यापुढं पडतात तशा, सरळ, एकसारख्या.
मग बिरजाबाई उभी राहिली.
थे झालं जी आता, म्हणाली.
माहा खुशाल राणी बनून ये ना दंडारीत,
थे वाजवा.

खुशाल. आईचं हिरवं लुगडं, उसने घुंगरू,
ओठांवर विड्याचा रंग.
एकदा ओळ विसरला, तेव्हा
त्याला आठवेपर्यंत मी एकच सूर धरून बसलो होतो.
आता सहा वर्षं कुठल्याशा उंच चौकीवर आहे,
जिचं नाव तो आईला सांगत नाही
आणि ती विचारत नाही.

मी राणीच्या येण्याची चाल धरली.
रिंगण रिकामं. दिव्याखाली नुसते पाखरू-किडे.
पण सगळं गाव डावीकडं वळून पाहू लागलं,
जिकडून तो यायचा तिकडं.
गिरकीच्या जागी ढोलकीवाल्यानं हात उचलला,
चार मात्रा सोडल्या,
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
तिथं खुशालची बायको तोंडाला पदर लावून हसली.
लग्न करून नंतर आली ती,
लुगड्यातला नवरा तिनं त्या रात्रीच पहिल्यांदा पाहिला.

चाळीस वर्षं वाजवतोय मी.
पंगतीत वाजवलं, पाठी वळलेल्या असताना,
पुढाऱ्याची गाडी येईपर्यंतचा वेळ काढायला वाजवलं.
ऐकतं कोण, हे विचारायचं केव्हाच सोडलं होतं.
इथं ही सहा माणसं ऐकत होती
पहाऱ्यावरच्या माणसासारखी,
पान हललं तर कुठल्या झाडाचं, ते कळणारी.
आणि बायका ऐकत होत्या
रात्री फाटक वाजलं की ऐकतात तशा.
माझी बोटं इतकी नीट कधी पडली नव्हती.
उपकार करायला आलो होतो मी,
जेवणासकट सगळा हिशेब उलटा झाला.

निघताना पाकीट परत केलं.
तुमच्याकडून कसं घेऊ, म्हटलं.
कापगतेनं ते माझ्या खिशात कोंबलं.
ड्यूटी केली का पगार घ्याच लागते जी,
नाई तं हजेरी लागत नाई.

धन्यवाद म्हणायचा राहिला.
तो शब्द आमच्या तोंडी बसत नाही,
सभेतला वाटतो.
गाडीत बसल्यावर अंधारातच
शिवणीवरून अंगठा फिरवत राहिलो.

तुमसरचा पेटीवाला म्हणतो, भाता नवा टाकून देतो.
मध्यमावर दाब वाढला की दोरा जरासा करकरतो खरा.
राहू दे म्हटलं.

यंदा पुन्हा त्याच गावचं बोलावणं आहे.
खुशालची सुट्टी मंजूर झाली तर तो येणार.
बिरजाबाईचा निरोप: लुगडं धुऊन ठेवलं आहे.
आता मिशा आहेत म्हणे त्याला, चांगल्या जाड.
पाहू, त्यांचं काय करतो ते.