घडणावळ

आनिसेतोनं कॅमेरा बल्कांवावर ठेवला,
जुन्या वर्तमानपत्रावर, बाजारातून आणलेल्या बांगड्यांसारखा.
"तूं सांग," म्हणाला.

हळदोण्यात दुपारचे साडेतीन. वीज गेलेली.
आठवड्यानं त्याचं विमान; स्विंडनला गोदामात काम,
पुतण्यानं ठरवून दिलेलं.
तसबिरी बांधून झाल्या होत्या. भिंतीला खिळे तेवढे राहिलेले.

काळा, चौकोनी. धरायला मूठ नाही,
डोळ्याला लावायला खिडकी नाही,
पाठीवरच्या काचेत बघायचं, ऊन असेल तर तेही नाही.
फुल-फ्रेम. मिररलेस.
कंपनीनं थोड्यांसाठीच काढला
आणि ते थोडेसुद्धा पुरेसे आले नाहीत.
आत हलणारं शटर नाही. म्हणजे
हॉलच्या एलईडीखाली नवरीच्या शालूवर काळे पट्टे.
म्हणजे वरातीत नाचणारी पोरं
एका अंगाला कलंडलेली, होड्यांच्या डोलकाठ्यांसारखी.
आणि मी तर लग्नांवर जगतो.
वर्षाला चाळीस, म्हापसा ते डिचोली,
मुहूर्त दाट असले की एका दिवशी दोन.

त्याला हवे सत्तर हजार.
सत्तरात दोन फ्लॅश येतात, एक बरी लेन्स,
स्कूटरचं मागचं टायर, मुलीच्या क्लासची फी.
बोटांवर मोजलं.
बोटं उरली, पैसे संपले.

मी शेटांच्या घरचा. वडील म्हापशात सोन्याचं काम करायचे.
त्यांच्या डबीत गुंजा असत, लाल, काळ्या डोळ्यांच्या.
एक गोष्ट त्यांनी शिकवली, तीही मला नव्हे, गिऱ्हाइकांना:
मोडायला आणाल तेव्हा सोन्याचे पैसे मिळतील,
घडणावळीचे नाही.
रात्र जागून दिलेले डाख, ठोकलेली पानं, वळलेली तार,
सगळं मुशीत जातं,
त्याचा वेगळा धूरसुद्धा निघत नाही.

आणि यात तर सगळी घडणावळच.
सोनं कुठंय?

आनिसेतो चार्जर शोधत होता.
आधी खिशांत, मग खुरसाखालच्या कपाटात,
मग बांधलेली एक पेटी पुन्हा सोडून.
मध्येच थांबला.
काय शोधतोय ते विसरून
त्या खिळ्यांकडे बघत राहिला.

मी बटण दाबलं.
आवाज झाला नाही. काहीच नाही.
त्याला कळलं नाही, मलाही खात्री नव्हती.

टक् ऐकल्याबरोबर माणसं चेहरा गोळा करतात,
सांडलेले तांदूळ सावडावेत तसा.
वीस वर्षं मी सावडलेलेच चेहरे काढत आलो.
याचा सांडलेला राहिला.

साठ, मी म्हणालो.
पासष्टवर आला, तिथंच बसला.
मग गळ्यात अडकवायचा पट्टा तेवढा सोडवून घेतला,
"हो न्हय. बॅगेचा बंद तुटलाय, तिला बांधीन."
फोटो मी त्याला दाखवला नाही.
का, ते विचारू नका.

घरी वडिलांनी हातावर तोलला.
"छत्तीस तोळे."
काट्यावर घातला. चारशे बावीस ग्रॅम,
छत्तीस आणि वर थोडं.
"आत आरसा नाही म्हणतोस?"
"नाही."
"मोडीत?"
"मोडीत काही नाही."

मग काचेवर आनिसेतो दाखवला.
चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ नेऊन,
ते कडेकडेनं बघत गेले,
जशी बांगडीची जोड बघायचे.
"घडणावळ किती पडली?"
सांगितलं.

ते गप्प बसले.
त्यांचं गप्प बसणं मी ओळखतो.
महाग म्हणायचं असतं
तर तेव्हाच म्हणाले असते.

रविवारी कोलवाळला लग्न आहे.
तिथं जुनाच नेणार.