क्लच सोडल्यावर

त्सिआला म्हणाली, गिअरबॉक्स गेलाय.
असं तिच्या जावयानं फोनवर सांगितलं,
आणि जावई तिबिलिसीत राहतो,
म्हणजे त्याला कळत असणारच.

उस्तादनं हात पुसले.
खट् कधी होतं?
पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना.
टाकताना, की क्लच सोडल्यावर?

ती थबकली.
एकोणतीस वर्षं ही लाडा चालवतेय,
घाट उतरून चीज नेते कुताइसीच्या बाजारात,
पण असं कधी कुणी विचारलं नव्हतं.
सोडल्यावर, ती म्हणाली. आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की.
किती वेळा?
एकदाच. आतल्या खोलीत कुणी दार लावून घ्यावं तसं.

'दात तुटला असता तर दर फेऱ्याला बोंबलला असता,'
उस्ताद माझ्याकडे बघत म्हणाला.
'एकदाच बोलून गप्प बसतं ना,
ते तुटलेलं नसतं. सैल असतं.'

मी खड्ड्यात उतरलो.
वर गाडीचं पोट, तेलकट, घाटातल्या चिखलाचे पोपडे धरलेलं.
उस्तादचा डावा कान कोळशाच्या खाणीत राहिला,
उजवाही आता कुरकुरतो.
म्हणून तो अक्रोडाचा दांडा गिअरबॉक्सला टेकवतो,
दुसरं टोक दातांत धरतो
आणि डोळे मिटतो.
इंजिन न्यूट्रलवर. मी त्याचा जबडा बघत राहिलो.
'हा ठणठणीत आहे. बंद कर. पहिला गिअर टाक, शाफ्ट धर. पीळ.'

पिळला.
बोटभर मोकळाच फिरला, आणि मग
खट्.
तळहाताला कळलं, कानाच्या आधी.

सांध्यातून गंजाची लाल पूड गळाली माझ्या बाहीवर.
आतल्या सुयांचं पीठ झालेलं.
नवा क्रॉस, चार सर्कलिप, हातोडीचे मोजके घाव,
मधे पाऊण तास एक सर्कलिप हरवली, ती माझ्याच बुटात सापडली.

त्सिआला चक्कर मारून आली.
इंजिन बंद करूनही जरा वेळ बसून राहिली आत.
'फारच शांत आहे,' म्हणाली, जणू तक्रारच.
पैशांवर चीजचा एक गोळा ठेवून गेली.

दिवे मालवले. कुलूप लावून
उस्ताद पुढे, मी मागे, जिना उतरतोय.
दर तिसऱ्या-चौथ्या पायरीला, वजन सोडलं की,
त्याच्या उजव्या गुडघ्यात.
एकदाच.

मी दांडा बगलेत धरला होता.
काही विचारलं नाही.