टिपण

आमचं आडनाव टिपणीस.
टिपून ठेवणं रक्तातच, म्हणून वहीत सगळं आहे:
अकरा नोव्हेंबर, चार टायर.
तीस नोव्हेंबर, कुजक्या मुरघासाचा ढीग,
वास थेट न्हाणीघरापर्यंत.
नाताळच्या आदल्या दिवशी काळं प्लास्टिक,
गठ्ठ्यांवरून सोललेलं,
ते वाऱ्यानं उचललं आणि हॉथॉर्नच्या कुंपणावर
कावळ्यांची सभा भरल्यासारखं टांगलं.

श्रॉपशरच्या या उतारावर दीड एकर,
तीस वर्षं दुसऱ्यांचे दात उपसून घेतलेलं.
दादा फोनवर हसला: तिथंही शेजारीच निघाला ना?
गावाकडचा शेजारी बांध कोरतो,
दर नांगरटीला वीतभर.
इथला उलटा.
घेत काही नाही, देतच सुटतो.

काउन्सिलच्या बाईंचा आवाज मऊ:
जमीन तुमची, तर तिच्यावरचं तुमचंच.
इतक्या सहज आजवर कुणी
माझ्या नावावर काही केलं नव्हतं.

नकाशावर हद्दीची तांबडी रेघ.
पट्टी लावून मोजली तेव्हा कळलं,
नुसती रेघेची जाडीच जमिनीवर दीड हात भरते.
त्या दीड हातात गेथिन बेडोज
ट्रॅक्टर मागे घेतो.

दोन पत्रं लिहिली. दोन्ही नम्र.
दुसऱ्यात 'कृपया' तीनदा.
उत्तर फेब्रुवारीत आलं:
जंताच्या औषधाचे रिकामे कॅन,
निळ्या सुतळीचे गुंते,
आणि एक पिवळा बिल्ला, मेंढीच्या कानातला,
त्यावर त्याच्याच कळपाचा नंबर.

बिल्ला मी धुतला. जुन्या टूथब्रशनं.
पुरावा म्हणून पाकिटात घातला,
पाकीट चिकटवलं,
पत्ता मात्र लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गवत पांढरं, कडक.
सगळं गोठलेलं, फक्त ढीग उघडा, काळा, वाफाळता,
आणि त्यावर माझ्याच कोंबड्या पाय शेकत.
राग आला,
पण चहा झाल्यावर.

रविवारी त्याचा रिकामा ट्रेलर गल्लीत उभा.
तो वर, मेंढ्यांकडे.
मी सुरुवात केली. प्लास्टिक. कॅन.
टायर ओढताना कंबर काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.
ढिगाला हात लावला नाही.
कुजतं ते राहू दे,
न कुजणारं ज्याचं त्याला.

आधी कुत्रा आला, मग तो.
टोपी काढली नाही.
ट्रेलरकडे बराच वेळ बघत राहिला,
त्याच्याच जबड्याचा एक्स-रे
मी उजेडाला धरल्यासारखा.
म्हणाला, म्हातारी एडना होती तेव्हा इथंच टाकायचो.
ती कधी काही बोलली नाही.
म्हटलं, एडनाला दिसत नव्हतं, गेथिन.
हो, म्हणाला. शेवटी शेवटी नव्हतं.
आणि उरलेला टायर एका हातानं उचलला.

माफी मागितली नाही. तसं टिपलंय.

जूनमध्ये ढिगावर लाल भोपळा लावला.
वेलाला नकाशा वाचता येत नाही;
रेघ ओलांडून सरळ त्याच्याकडे गेला,
तिकडे धरले दोन, इकडे एक.
ते दोन त्यानं ठेवून घेतले.
हेही टिपलंय.

आता पुन्हा मे.
काल कुंपणावर निळ्या सुतळीचा हातभर तुकडा.
वाऱ्यानं आणला की त्यानं?
वहीत तारीख घातली,
पुढची ओळ कोरी सोडली.
सुतळी घेवड्याच्या वेलाला बांधली.
चांगली होती. चिवट.