चौथी ओळ

आमच्या उश्तोबेत मुलं पाढ्यांआधी पूर्वज पाठ करतात.
बापाचं नाव, मग त्याच्या बापाचं,
असं मागं मागं, सातव्यापर्यंत.
सात आले नाहीत तर म्हातारे म्हणतात,
पोर अनाथ आहे.

चौथीच्या वर्गाला मी फळ्यावर सात रेघा आखून दिल्या.
दाउलेत उठला, छाती काढून, घडाघडा:
तोलेगेन, मुकाश, बैतास, येसिम,
कोझाबेक, तिलेऊ, झानिबेक.
मध्ये श्वास एकच.
सातपैकी सात, मी लाल शाईत लिहूनही टाकलं.

मग मिलेना यूगाय.
गेनादी.
त्रोफिम.
दोकसू.
आणि पेन्सिल कानामागे खोचून ती खाली बसली.
"बाई, पुढचे गाडीत राहिले."

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं.
कुठली गाडी, ते मला माहीत होतं.
सदतीस सालची, गुरांच्या डब्यांची,
समुद्राकाठच्या कोरियनांना उचलून
इथल्या ओसाड माळावर ओतणारी.
पुस्तकात तिच्यावर एक परिच्छेद आहे.
तो मी दरवर्षी घंटेआधी उरकते.

शनिवारी आम्ही दोघी वार्वाराकडे गेलो,
त्रोफिमची धाकटी बहीण, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
ती गाजरं किसत होती, सुईसारखी बारीक.
"नावं?" ती म्हणाली. "नावं नाहीत गं माझ्याकडे.
कोबी मिळेना इथे, म्हणून आईनं गाजराचं लोणचं घातलं,
ते आहे. ते लिही."
मिलेनानं लिहिलं. लोणच्यातला 'ण' उलटा.

"आणि बाबा, जेवायला बसताना
माणसं दोनदा मोजायचे.
आम्ही पाचच जण होतो.
तरी दोनदा."
किसणी थांबली, पुन्हा सुरू झाली.
"उतरले तेव्हा बर्फ होता. ते अकरा वर्षांचे.
एक बाई आली, इथलीच, कझाख.
कोटाच्या आतून नान काढून दिला, अजून गरम.
नाव विचारायला भाषा नव्हती."

जिना उतरताना मिलेनानं विचारलं,
"तिला चौथ्या ओळीवर लिहू?"

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं.
रक्ताची माणसं लागतात, बाळा,
बापाच्या बाजूची, पुरुष,
असा नियम आहे, माझ्या आजोबांच्याही आधीचा.
मी म्हटलं, "का?"
"तिच्यामुळे तिसरी ओळ आहे ना."
दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दूध उतू गेल्याचा वास.
मी कठडा धरून उभी राहिले.

रात्री वडिलांना फोन केला.
माझे सात त्यांनी झोपेतसुद्धा म्हणून दाखवले असते.
"आणि त्यांच्या बायका?"
"बायका?"
टीव्हीवर हवामान सांगत होते, तालदीकोर्गान उणे नऊ.
"एकीचं येतं. उलबोसिन. मुलगाच हवा म्हणून
तिचं नावच तसं ठेवलं होतं."
मग बराच वेळ काही नाही.
"बाकीच्या तुझ्या आईला ठाऊक असतील," म्हणाले,
आणि मग आठवलं त्यांना, की आई आता नाही.

माझ्या सात पिढ्यांत
मीही एकपंचमांश अनाथ,
की त्याहून जास्त?
गणित माझा विषय नाही.

सोमवारी मिलेनाच्या वहीत चौथ्या ओळीवर होतं:
नान देणारी. नाव शोधतेय.
खाली तीन रेघा मोकळ्या.
मी लाल पेन उघडलं,
बंद केलं.
दाउलेत हात वर करून केव्हाचा उभा.
"बाई, माझ्या आईच्या आईचं नाव
मला येत नाही.
हे चुकीत धरायचं का?"

टेबलावर गाजराची बरणी होती, वार्वारानं पाठवलेली.
लसूण जरा जास्तच.
डबा खायच्या सुट्टीत आम्ही ती उघडली
आणि आत्ताच सांगून ठेवते,
वर्गाच्या खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवाव्या लागल्या.