विषय क्रमांक चार

नाच साडेदहाला संपला.
फिडलवाले गाडीवरचं बर्फ खरवडायला गेले
आणि आम्ही सहाजण घडीच्या खुर्च्या ओढून
हीटरभोवती बसलो.
व्हरमाँटच्या या गावात आमच्या मंडळाला अध्यक्ष नाही.
ज्याच्याकडे हॉलची किल्ली, तो बोलावतो;
माझ्याकडे बिस्किटांचा डबा, म्हणून मी खजिनदार.
मतं मोजत नाही आम्ही. "कुणाची हरकत?" विचारतो
आणि घड्याळ दहादा टिकटिकेपर्यंत गप्प बसतो.

तेलाचं बिल. डबा उपडा केला, नाणी मोजली.
दाराशी दहाऐवजी बारा डॉलर. हरकत नाही.
अत्तर लावून येऊ नये, अशी पाटी.
विनिफ्रेडला पाटीचा रंग पटेना, वीस मिनिटं गेली.
पियानो खिडकीपासून हलवायचा का? पुढच्या महिन्यात.
तीन वर्षं तो पुढच्याच महिन्यात हलतोय.

चौथा विषय कुणी मोठ्याने वाचला नाही.
पुढचं पाऊल ओरडून सांगायचं,
ते हाळी देण्याचं काम एकतीस वर्षं हार्लनचं.
आज तो "डावा हात जोडीदाराला" म्हणाला
आणि पुढचं त्याच्या तोंडात आलंच नाही.
दोन रांगा एकमेकींत घुसल्या, लोक हसले,
लोकांना वाटलं, गंमत.
फिडलवाल्या मुलीने तीच ओळ चारदा वाजवली,
त्याच्याकडे न बघता.

वसंतापासून हाळी डेल्फीनने द्यायची.
पाच मिनिटांत ठरलं. दहा टिकटिक.
त्याला सांगायचं कुणी, यावर तास गेला.
ऑरिन म्हणाला, मी नाही, मला नाचायला त्यानेच शिकवलं.
शिकवलं तर सगळ्यांनाच होतं.
पत्र लिहू या?
रस्त्यापलीकडे राहणाऱ्याला?
स्वयंपाकघरात कप विसळल्याचा आवाज येत होता,
मग तो येईनासा झाला. भिंत पातळ आहे.

दार ढकलून हार्लन आला, हातात रुंद झाडू.
"पाय वर."
आम्ही सहाही जणांनी पाय उचलले, पोरांसारखे,
आणि तो खुर्च्यांखालून झाडत गेला,
एकही कोपरा न सोडता,
मघाची तीच धून गुणगुणत, पूर्ण, न अडखळता.
केर भरून झाल्यावर म्हणाला,
"डेल्फीनला सांगा, तिसऱ्या फेरीआधी श्वास घे म्हणावं.
मी तिथेच चुकायचो."
आणि टोपी शोधू लागला, जी त्याच्या खिशातच होती.

इतिवृत्तात मी लिहिलं:
विषय चार. जमीन झाडून झाली.
पियानो, पुढच्या महिन्यात.